ग्लूटेनमुक्त पिझ्झा सॉस: विकतचा घ्यावा की घरी करावा?

चांदोरीकरीण

नमस्कार मंडळी,

मुलगी आठ वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिला सीलिॲक असल्याचं निघालं, म्हणजे गहू-जवातल्या ग्लूटेन या प्रथिनानं आतड्याला इजा होण्याचा आजार. आधी रक्तातल्या प्रतिपिंडांची टीटीजी तपासणी, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, सगळं रीतसर झालं. गहू, मैदा, रवा, शेवया घरातून गेल्या. ज्वारी, तांदूळ, नाचणीवर आता बरं चाललंय. पोरगीही शहाणी आहे, शाळेत कुणी बिस्किट पुढे केलं तर "मला चालत नाही" म्हणते. ऐकून मलाच कसंतरी होतं, पण ते असो.

अडचण रविवारची आहे. परीक्षा संपल्या की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मुलांचा पिझ्झा असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे मोठा ओव्हन आहे, त्या बेस आणतात, बाकीच्या भाज्या चिरतात, मुलं आपापला पिझ्झा सजवतात. हिचा बेस मी घरून नेणार आहे. चीज वडीचं घेऊन स्वतः किसणार. भाज्यांचं काही नाही. अडलंय ते सॉसवर.

कॉलेज रोडला दुकानात जाऊन बाटल्या वाचत बसले. एकीवर टोमॅटो पेस्ट, साखर, मीठ, 'थिकनर १४२२', 'स्पाइसेस अँड कॉन्डिमेंट्स'. गव्हाचं नाव नाही, पण ग्लूटेन फ्री असंही लिहिलेलं नाही. दुसरीवर सगळं साधं, आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात की गहू हाताळला जातो अशा कारखान्यात तयार केलंय. तिसरी परदेशी, तिच्यावर ग्लूटेन फ्री छापलंय, किंमत बघून परत फळीवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "ताई, टोमॅटो सॉसच आहे, त्यात काय बघायचं एवढं?" सासूबाईंचंही तेच, "टमाट्यात कुठला आलाय गहू?"

तर १४२२ म्हणजे काय ते कुणी सांगेल का? आणि घरी करायचा तर माझा सॉस नेहमी पाणीदार होतो. मैदा लावायचा नाही, तर दाट कसा करायचा? शेवटचं म्हणजे त्याला "पिझ्झाचा वास" आला पाहिजे. टमाट्याच्या चटणीसारखा लागला तर बाईसाहेब तोंड लावणार नाहीत.

खलबत्ता

सासूबाईंचं बरोबर आहे. टोमॅटोत गहू नसतो. लसणात नसतो, तेलात नसतो, ओरेगॅनोत नसतो. सॉसमधलं ग्लूटेन हा आगंतुक पाहुणा. तो कुठल्या दारानं येतो तेवढं कळलं की निम्मी धास्ती जाते. मी स्वतः सीलिॲक आहे, चाळिशीत निदान झालं, त्याआधी अनेक वर्षं सगळ्यांनी "पित्त आहे" म्हणून बोळवण केली. तेव्हा लेबलं वाचण्यात माझा हात बऱ्यापैकी बसलाय.

आधी तुमचं १४२२. हा प्रक्रिया केलेला स्टार्च, बहुतेक वेळा मक्याचा किंवा टॅपिओकाचा. गव्हाचा असेल तर आपल्याकडच्या नियमानुसार ॲलर्जनच्या ओळीत गव्हाचं नाव द्यावंच लागतं. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका, ॲलर्जनची ओळ वाचा. ४१५ दिसला तर तो झँथन गम, जिवाणूंकडून आंबवून करतात, चालतो. ३३० सायट्रिक ॲसिड, २६० ॲसिटिक ॲसिड, २११ सोडियम बेंझोएट. हे चांगले की वाईट तो वाद वेगळा, गव्हाशी त्यांचं नातं नाही.

'ग्लूटेन फ्री' लिहायचं असेल तर एफएसएसएआयची (आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. तेवढं वा त्याहून कमी असल्याशिवाय ते शब्द छापता येत नाहीत. ते नाहीत म्हणजे पदार्थात गहू आहेच असं नाही, पण कुणी हमी दिलेली नाही एवढं नक्की. आणि ती मुंगीच्या पायाची ओळ ज्या बाटलीवर नाही, ती बाटली निर्धोक असंही समजू नका. माझ्या हिशेबी ज्यानं ओळ छापली तो निदान खरं बोलला.

मला काळजी वाटते ती 'स्पाइसेस अँड कॉन्डिमेंट्स' या गाठोड्याची. त्यात हिंग असू शकतो, आणि आपल्याकडचा डबीतला हिंग पुष्कळदा मैद्यात बांधलेला असतो. माल्ट व्हिनेगर किंवा माल्ट एक्स्ट्रॅक्ट दिसलं तर बाटली सरळ परत, कारण ते जवाचं. सोया सॉसही नको, नेहमीच्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. 'हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन' कशाचं ते लिहिलेलं नसेल तर तेही नको. मी अशा वेळी बाटलीवरच्या ग्राहक सेवेला फोन करते. पलीकडच्या मुलीला ग्लूटेन म्हणजे काय ते माहीत नसतं, तिला त्यासाठी रागवायचं नाही. सरळ विचारायचं, "यात हिंग आहे का? आणि तो कशात बांधलाय?" याचं उत्तर ती कुणाला तरी विचारून देते.

पण खरं सांगू का, पिंपळगाव बसवंतची टोमॅटो बाजारपेठ उशाशी असलेल्या माणसानं विकतच्या सॉसच्या भानगडीत पडूच नये.

दीड किलो टोमॅटो घ्या. लांबट, अंड्याच्या आकाराचे, जाड गराचे. गोल, रसाळ, आंबट गावठी टोमॅटो साराला उत्तम पण सॉसला नाही, त्यात पाणी आणि बिया फार. लालबुंद नसतील तर ओट्यावर परडीत ठेवा, फ्रीजमध्ये नको, वास मरतो.

आता तुमचा पाणीदारपणा. माझी शंका अशी की तुम्ही कच्चे टोमॅटो मिक्सरमधून काढून ठेवता आणि मग सावकाश गॅसकडे वळता. बरोबर? टोमॅटोच्या पेशी फुटल्या की त्यातली विकरं (एन्झाइम्स) मोकळी होतात आणि पेक्टिन तोडायला लागतात. पेक्टिन हाच तर दाटपणा. ते तुटलं की वर गर आणि खाली पाणी असं वेगळं होतं, मग कितीही आटवा. म्हणून उलट करायचं. लंगडी आधी तापवायची, टोमॅटो मोठे चिरून लगेच त्यात टाकायचे, मोठ्या आचेवर झटकन उकळी आणायची. विकरं उष्णतेनं निकामी होतात, पेक्टिन शाबूत राहतं. कारखान्यातही हेच करतात. ९० अंशांच्या आसपास पटकन तापवलेला 'हॉट ब्रेक' केचपला आणि दाट पेस्टला, आणि ६५ च्या आसपासचा 'कोल्ड ब्रेक' जिथे दाटपणापेक्षा ताजा वास आणि रंग हवा तिथे. म्हणजे मैद्याची गरज मुळात नव्हतीच, घाईची होती.

लंगडी स्टीलची, जाड बुडाची, पसरट. लोखंडी कढई किंवा उघडं ॲल्युमिनियम आंबटाला नको. टोमॅटो मऊ झाले की पुरणयंत्रातून काढा. सालं आणि बिया वर राहतात, गर खाली. चाळणीतून काढणार असाल तर पिठाची चाळण अजिबात नको, तिच्या जाळीच्या कडेला कणीक कायमची वस्तीला असते.

मग त्याच लंगडीत तीन टेबलस्पून तेल. ऑलिव्ह असेल तर छान, नसेल तर शेंगदाण्याचं घ्या, मुलांना फरक कळत नाही. दहा-बारा पाकळ्या लसूण खलबत्त्यात ठेचून (या नावाला जागायला नको का) अगदी मंद आचेवर. लाल होऊ द्यायचा नाही, लाल झाला की फोडणीचा वास येतो आणि मग तुमच्या बाईसाहेब म्हणणार की चटणी आहे. त्यात काश्मिरी मिरची रंगापुरती, मग गर, मीठ, चमचाभर साखर. अर्धा-पाऊण तास मंद आचेवर, झाकण अर्धवट. चमच्यानं मध्ये रेघ ओढली आणि ती लगेच मिटली नाही की झालं. दीड किलोचा साधारण अर्धा किलो उरेल. आठ इंची पिझ्झाला दोन टेबलस्पून पुरतो.

तुमच्या बेससाठी सॉस जरा जास्तच दाट ठेवा. ज्वारी-तांदळाच्या बेसला ग्लूटेनची जाळी नसते, ओलावा मिळाला की तो खचतो आणि हातात घेतला की मोडतो. बेस आधी नुसता तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्या, मग सॉस.

वासाचं गुपित म्हणाल तर ओरेगॅनो कधी घालायचा यात आहे. सुका ओरेगॅनो तळहातावर चुरडून शेवटच्या पाच मिनिटांत घाला. पहिल्यापासून उकळला तर कडवटपणा राहतो आणि वास आधीच स्वयंपाकघरभर होऊन संपतो. एकच घटक लिहिलेली बाटली घ्या. बाहेरच्या पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या ड्रॉवरमध्ये जमवून ठेवल्या असतील (कुणाकडे नसतात?) तर त्या वापरू नका, त्यात मिश्रण असतं आणि पुडीवर धड काही वाचता येत नाही.

अवांतर: कुंडीत मरवा असेल तर चार पानं घालून बघा. गजऱ्यातला मरवा हा ओरेगॅनोचा सख्खा भाऊ आहे, दोघं एकाच कुळातले, एकाच प्रजातिगटातले. बाजारातला गजऱ्याचा मात्र नको, त्यावर काय फवारलंय देव जाणे. आणि सब्जाचं रोप असेल तर तुमच्याकडे बेसिल आहे. फालुद्यात घालतो ते बी त्याच झाडाचं.

रानमेवा६७

वाचून थक्क झालो. आमच्या लहानपणी हे ग्लूटेन वगैरे काही नव्हतं. पोळीवर वाढलो सगळे. एखाद्या दिवशी मुलांबरोबर थोडंसं खाल्लं तर काय होणार आहे? उगाच मुलीच्या मनात भीती भरू नये असं वाटतं. राग मानू नका, वडिलकीच्या नात्यानं सांगतोय.

खलबत्ता

काका, राग नाही. पण उत्तर द्यायला हवं, कारण असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं.

लहानपणी नव्हतं असं नाही, नाव नव्हतं. सॅम्युएल गी या इंग्रज डॉक्टरांनी हा आजार १८८८ मध्ये नीट लिहून ठेवला. तो गव्हामुळे होतो हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात मांडलं. आपल्याकडे अशी मुलं "अंगी लागत नाही", "बारीकच आहे", "रक्त कमी आहे" या सदरात जात.

हे अपचन नाही. ग्लूटेन आलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर चालून जाते, अन्न शोषून घेणारे उंचवटे सपाट होत जातात. पोट दुखो वा न दुखो, आत हे होतंच. म्हणून "थोडंसं" हा हिशेब इथे लागू पडत नाही. आणि मुलीच्या मनात भीती राहू नये म्हणूनच तर तिची आई आठवडाभर आधी विचारतेय, नाही का?

नांदणीचा_जैन

खलबत्ताताईंनी हिंगाचा विषय काढला म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचक.

आमच्याकडे कांदा-लसूण नाही, त्यामुळे सॉसला चव आणायची तर हिंगच. भाचीला गहू बंद झाला तेव्हा कळलं की आमच्या 'शुद्ध सात्त्विक' सॉसमध्ये गहू घालणारा तोच. डबी उलटी करून वाचा. खाण्याचा डिंक, मैदा किंवा तांदळाचं पीठ, आणि मग हिंग असं लिहिलेलं असतं. याला बांधाणी हिंग म्हणतात. नुसत्या हिंगाचा दर्प इतका उग्र की तो कशात तरी बांधल्याशिवाय चिमटीत घेता येत नाही. तांदळाच्या पिठात बांधलेला किंवा ग्लूटेन फ्री छापलेला मिळतो, तो बघून घ्या. नाहीतर काही न मिसळलेला खडा हिंग आणा आणि घरी तांदळाच्या पिठाबरोबर कुटा. खडा तेलात फुलवला की सहज चुरतो.

बाहेर कुठे 'जैन पिझ्झा' सांगून वेगळा सॉस मागवणाऱ्या सीलिॲक मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं. लसूण नाही म्हणजे साधा, म्हणजे सुरक्षित, असं वाटतं. या बाबतीत लसणाचाच सॉस परवडला.

दाटपणासाठी आमची युक्ती: किलोला वाटीभर लाल भोपळा वाफवून, घोटून घालायचा. रंग खुलतो, साखर लागत नाही, आणि मुलांना पत्ता लागत नाही.

दुसरं, मिरची. डंकावर कुटून आणलेली तिखटपूड असेल तर तिथे आपल्या आधी कुणाचा तरी हिंग घातलेला मसाला कुटलेला असतो. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्या गरम पाण्यात भिजवून मिक्सरला वाटल्या की प्रश्न मिटला.

चांदोरीकरीण

बाप रे, केवढी माहिती. सगळ्यांचे आभार.

खलबत्ताताई, कच्चे टोमॅटो मिक्सरला लावून बाजूला ठेवते हे तुम्हाला कसं कळलं? आज अर्धा किलोचा तुमच्या पद्धतीनं करून पाहिला, आधी लंगडी तापवून. खरंच पाणी सुटलं नाही. सासूबाईंनी बोटानं चाखून "बाजारातल्यासारखा झालाय" असं प्रमाणपत्र दिलं, त्यांच्याकडून हे म्हणजे पद्मश्रीच. नवऱ्याने उरलेला भाकरीला लावून संपवला.

नांदणीचे दादा, आमच्या डबीवर मैदाच निघाला. वरणात रोज घालतो तोच. हे डॉक्टर, आहारतज्ज्ञ कुणीच बोलले नव्हते. उद्याच बदलते, भोपळ्याचंही करून पाहणार आहे.

आता पुढचा प्रश्न, हा जरा नाजूक आहे. मी बाटली भरून सॉस नेला तरी तिथे एकच टेबल, एकच ओव्हन, वीस-बावीस पोरं. वहिनी फार प्रेमळ आहेत, हिच्यासाठी नेहमी वेगळं काहीतरी करतात. त्यांना "याला हात लावू नका, तो चमचा नको" असं किती वेळा म्हणणार? त्यांना वाटेल आमच्या हाताला काय झालंय.

तोरिनोकर

मी इटलीत राहतो, मुलगा सीलिॲक आहे, तेव्हा इथलं थोडं सांगतो, तुमच्या नाजूक प्रश्नालाही उपयोगी पडेल.

पिझ्झाच्या माहेरी हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २००५ च्या १२३ क्रमांकाच्या कायद्यानं सीलिॲकला सामाजिक आजार म्हणून मान्यता आहे, शाळेच्या आणि इस्पितळाच्या भोजनगृहात मागितलं तर ग्लूटेनमुक्त जेवण द्यावं लागतं, आणि निदान झालेल्यांना ग्लूटेनमुक्त पिठा-पावासाठी सरकारकडून दरमहा ठरावीक रक्कम मिळते. सॉसची तर इथे चर्चाच नाही. बाटलीत मिळतो तो पसाटा, म्हणजे गाळलेला टोमॅटो, फार तर मीठ. नापोलीच्या पद्धतीत तोही शिजवत नाहीत, सोललेले टोमॅटो हातानं कुस्करायचे, मीठ घालायचं, संपलं. शिजतो तो भट्टीतच, पिझ्झाबरोबर. आपल्या घरच्या ओव्हनला तेवढी आच नाही, म्हणून खलबत्ताताईंचा आटवलेला सॉसच घरी योग्य.

तरीही इथल्या साध्या पिझ्झेरियात, जिथे सीलिॲकसाठी वेगळी सोय नाही, तिथे आम्ही पोराला खाऊ घालत नाही. कारण सॉस नव्हे, पळी. एकदा उभं राहून बघा. पळी सॉसच्या भांड्यात, मग कच्च्या कणकेवर गोल गोल फिरवून पसरवणं, मग तीच पळी परत भांड्यात. दहाव्या पिझ्झानंतर त्या सॉसमध्ये पीठ असणारच. शिवाय हवेत उडणारं पीठ, आणि भट्टीच्या फरशीवर जळालेलं पीठ. जिथे सोय आहे तिथे वेगळी खोली किंवा कोपरा, वेगळं ताट, वेगळी भट्टी.

तुमच्या गच्चीवरही नेमकं हेच होणार. मुलं चमचा बेसवर फिरवणार आणि परत वाडग्यात बुडवणार. तेव्हा वहिनींना "आमच्या हाताला काय झालंय" असं वाटण्याआधी ही पळीची गोष्ट सांगा. हाताचा प्रश्न नाही, चमच्याच्या येण्या-जाण्याचा आहे, हे लगेच पटतं.

आणखी एक, कुणी इटलीहून पीठ आणून दिलं तर. इथल्या काही ग्लूटेनमुक्त पिझ्झा पिठांत गव्हाचा स्टार्च असतो, ग्लूटेन काढून टाकलेला. २० मिलिग्रॅमच्या आत असल्यानं सीलिॲकला चालतो, पिझ्झाही सुरेख होतो. पण ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे त्यांना तो चालत नाही. दोन्ही आजार वेगळे, पाकीट एकच, म्हणून वाचून घ्या.

खलबत्ता

तोरिनोकरांनी पळीचं अगदी नेमकं सांगितलं. मी एवढंच म्हणेन की वेगळं काढण्याऐवजी उलटं करा. सगळ्या मुलांचा सॉस तुम्हीच करा. चार किलो टोमॅटो आणा, सोसायटीत जाहीर करा की यंदा सॉस माझ्याकडून. त्यातला एक वाडगा लेकीचा म्हणून आधीच घरी वेगळा काढून, झाकण लावून, त्याच्यावर तिचं नाव. उरलेला मोठ्या पातेल्यात, त्यात पोरं काय वाट्टेल ते बुडवोत. म्हणजे तिचा पिझ्झा वेगळा दिसत नाही आणि वहिनींकडे मागण्यासारखं फार उरत नाही.

मागायचं ते एकच: तिचा पिझ्झा पहिला. ओव्हन स्वच्छ असताना, घरून नेलेल्या ताटलीत, खाली फॉइल. तोवर टेबलावर मैद्याचे बेस सोडवायचेच नाहीत. तिनं आधी सजवायचा, आधी भाजायचा, मग बाकीच्यांचा गोंधळ. पंखा असलेला ओव्हन असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. कापायला सुरी आपली न्या, पिझ्झा कापायच्या चाकाच्या फटीत काय काय अडकतं ते बघितलंत तर तुम्हीच वापरणार नाही. किसलेलं चीजही वेगळ्या डब्यात, कारण पोरं मैद्याच्या बेसवर हात फिरवून तोच हात चीजमध्ये घालतात. चीजच्या बाबतीत पळी म्हणजे हात.

बेसचं पीठ गिरणीतून आणता की घरघंटीवर? गिरणीत आधीच्याचा गहू जात्यात राहतो आणि पहिली दोन-तीन मुठी तोच बाहेर पडतो. तुम्ही हे पाहिलं असेलच, तरी विचारते.

चांदोरीकरीण

घरघंटी घेतली आहे, फक्त ज्वारी-तांदूळ-नाचणीसाठी. तेवढं आहारतज्ज्ञांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सॉस सगळ्यांचा आपणच करायचा हे फारच आवडलं, सुचलंच नव्हतं. वहिनींना आत्ताच फोन केला, पळीची गोष्ट तोरिनोकरांच्या शब्दांत जशीच्या तशी सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं मग आधी बोलायचं नाही का, मी नेहमी तिच्या ताटलीत त्याच चमच्यानं वाढते." आणि वर, यंदा बेसची पाकिटं खालीच ठेवते, तिचा भाजून झाला की वर आणू.

टोमॅटो शनिवारी आणणार. चार किलोचा सॉस आदल्या दिवशी केला तर टिकेल ना? आणि उरला तर?

खलबत्ता

आदल्या दिवशी केलेला जास्त चांगला लागतो. पूर्ण गार करून, कोरड्या काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये चार दिवस. उरलेला बर्फाच्या साच्यात घालून गोठवा, घट्ट झाला की वड्या काढून पिशवीत भरा. दोन-तीन महिने काही होत नाही. एका छोट्या पिझ्झाला दोन वड्या, मधल्या सुट्टीच्या डब्याला सोय होते.

वर तेलाचा थर देऊन बाहेर फळीवर ठेवायचा असं काही चित्रफितींत दाखवतात, ते करू नका. तेलाखाली हवा नसते आणि तेलातला लसूण बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. लोणच्याचं गणित इथे चालत नाही, लोणच्यात मीठ केवढं असतं.

पाटीलवाडा

धागा वाचतोय. माझ्या मुलाचं पोट सारखं फुगतं, वजनही वाढत नाही. हे वाचून कालपासून त्याची पोळी बंद केली आहे आणि भाकरी सुरू केली. सॉस वरच्याप्रमाणे करतोच, पण आणखी काय काय बंद करू?

खलबत्ता

पाटीलसाहेब, काहीच बंद करू नका! पोळी आजच पुन्हा सुरू करा आणि बालरोगतज्ज्ञांकडे जा. टीटीजीची तपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते. गहू आधीच बंद केला तर रक्तातली ती प्रतिपिंडं कमी होतात, तपासणी खोटी नकारार्थी येऊ शकते, आणि मग आहे की नाही हे कळायला पुन्हा काही आठवडे मुद्दाम गहू खाऊ घालावा लागतो. पोराला तो त्रास कशाला. पोट फुगायला इतर शंभर कारणं आहेत, जंतांपासून सगळी. टीटीजीबरोबर एकूण आयजीएही (रक्तातलं एका प्रकारचं प्रतिपिंड) मोजतात का ते डॉक्टरांना विचारा, ते कमी असेल तर टीटीजीचा आकडा फसवतो.

निदान होईपर्यंत त्याला मैद्याच्याच बेसवर पिझ्झा द्या. सॉस हाच करा, त्याला कुठल्याच तपासणीची अडचण नाही.